हूल

रविवारी सकाळी काचेच्या पेटीतल्या नर एंजल माशाच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तेव्हा ज्योत्स्नाबाईंना घाबरायचं खरं तर काही कारण नव्हतं. ठिपक्यांच्या रोगाचं भय आता सर्दीपडशाइतकंही उरलं नव्हतं. फ्रिजमध्ये 'हूल' या नव्या औषधाची बाटली तयार होती. तरी नराला जाळीत धरून कल्ल्यावर थेंब टाकताना त्यांनी ते दोनदा मोजले. दुसऱ्या दिवशी हेच औषध, माणसासाठी बेतलेलं, त्यांच्या नवऱ्याच्या दंडात जाणार होतं.

पूर्वी केवढा व्याप असायचा! पाणी तापवा, मीठ घाला, निळं औषध घाला आणि देवाचं नाव घेत बसा. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत दडून बसलेला परजीवी. तो आत असेपर्यंत कुठलंही औषध त्याचं काही वाकडं करू शकत नसे. पोट भरलं की तो आपणहून सुटायचा, तळाच्या खड्यांवर एकाचे शेकडो व्हायचा, आणि ती पिलावळ नवा मासा शोधत पाण्यात भटकायची तेवढ्यात काय ती मारता यायची. तोवर निम्मी पेटी रिकामी झालेली असे.

"काय पाहून राहिली तू एवढं?" अनंतरावांनी सोफ्यावरून विचारलं. त्यांचा डावा पाय स्टुलावर होता. हत्तीरोगानं तो तरुणपणीच सुजला आणि पुन्हा कधी उतरला नाही. कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर म्हणून त्यांनी अख्खी नोकरी त्याच पायावर केली. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते खुर्चीमागे उभे आहेत.

"ठिपके गळतायत. या ना, बघा."

"गळणारच! किड्याला वाटलं, मालक मेला. मेलेल्याच्या घरी भाडेकरू कशाला थांबते?"

त्यांचं बोलणं थट्टेचं असलं तरी शास्त्र तेच होतं. मासा मेला की त्याच्या अंगातून एक वास पाण्यात सुटतो आणि परजीवी लगबगीनं बाहेर पडतात. हुलीचा थेंब जिवंत माशाच्या अंगातून तोच वास काढायचा. फसलेले परजीवी एकदम बाहेर येत आणि गाळणीतल्या जांभळ्या दिव्याखाली मरत. वास संध्याकाळपर्यंत विरून जाई. मासा ठणठणीत. हत्तीरोगाच्या जंतांनाही तसंच फसवायचं होतं. रसवाहिन्यांत ठाण मांडलेले जंत रक्तात उतरले की तिथं दुसरं औषध त्यांना गाठणार आणि पाय हळूहळू उतरणार.

नर स्वच्छ झाला. चकाकत तो आपल्या मादीकडे गेला. पानावर त्यांची अंडी होती आणि दोघं आळीपाळीनं त्यांना पंखांनी वारा घालायची. मादीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो शेजारी आला तरी तिनं जागा दिली नाही, हुसकावलंही नाही. मग लहान टेट्रा मासे गोळा झाले आणि त्याच्या शेपटीचे लचके तोडू लागले. तो पळत होता आणि ते घाई न करता मागून येत होते, खाण्याच्या दाण्यामागे यावं तसे.

ज्योत्स्नाबाईंनी त्याला चटकन दुसऱ्या भांड्यात काढलं. रात्रभर वास विरू दिला आणि सोमवारी सकाळी पुन्हा सोडलं. मादीनं त्याला ओळखलं नाही. पानावरची अंडी तिनं खाऊन टाकली होती.

"माशाची बुद्धी ती केवढी!" अनंतराव म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

सरकारी दवाखान्यात माणसांसाठीच्या हुलीची चाचणी डॉ. निखत पठाण चालवत होत्या. ज्योत्स्नाबाईंनी त्यांना दहावीला विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे बाई सरळ त्यांच्या खोलीत शिरल्या आणि पेटीतला सगळा प्रकार सांगितला.

निखत हसल्या. "मॅडम, मासा वासावर जगतो. माणूस डोळ्यांनी ओळखतो, आवाजानं, नावानं ओळखतो. तो वास आपल्याला येतसुद्धा नाही. आमचे सगळे पेशंट बरे आहेत."

"त्यांच्या घरच्यांना विचारलंस?"

"घरच्यांना काय विचारायचं? औषध पेशंटला दिलंय."

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. वर्गात असं उत्तर आलं की त्या अशाच बघायच्या आणि निखतना ते आठवत होतं. निखतनी नजर कागदांकडे वळवली.

बाहेर बाकावर नागभीडकडचं एक जोडपं तपासणीला आलं होतं. गेल्या पावसाळ्यात हीच सुई घेतलेला नवरा व्हरांड्यात मजेत येरझाऱ्या घालत होता. बायको बाकाच्या टोकाला बसली होती.

"पाय छान उतरला हो यांचा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"उतरला ना, बाई. देवमाणूस हाय डॉक्टरीण." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण माह्या हातून त्याइचं ताटच वाढलं जात नाही. माह्यं न् पोट्ट्याचं, दोनच वाढते मी. पोट्टं म्हनते, बाबाचं? तवा आठवते. परवा दाराले कडी घातली, थे बाहेरच उभे. भांडन नाही, काही नाही. मानूस चांगला हाय. मले सांगा, असं काऊन होत असन?"

ज्योत्स्नाबाई तडक उठल्या. त्या अनंतरावांना जिन्यापाशी घेऊन गेल्या आणि ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी त्यांनी नवऱ्याची बाही धरली. "नका हो घेऊ. पायासकट पत्करलं होतं मी तुम्हाला. मला त्या पायाचं कधी काही वाटलं नाही."

"तुला नाही वाटलं," अनंतराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आता थट्टा नव्हती. "मला वाटलं ना, ज्योत्स्ना. रोज वाटलं. सुजून ताप भरायचा तेव्हा तू उशाशी बसायची, पण ठणका तर माझाच होता. आता म्हातारपणी चार पावलं धड चालतो म्हटलं तर तू भिऊन राहिली." त्यांनी बायकोचा हात दाबला. "छत्तीस वर्षांचा संसार आहे. तू कशी विसरशील मला?"

नाही विसरणार, एवढंच त्या म्हणाल्या, आणि तसं त्यांना मनापासून वाटतही होतं. अनंतराव आत गेले.

बाकावर बसून त्यांनी उजळणी सुरू केली. चहात साखर अर्धा चमचा. घोरताना उजवी कूस. चिडले की टीव्हीचा आवाज वाढवतात. बाराखडी घोकावी तसा त्या नवरा घोकत राहिल्या. डोळे, आवाज, नाव, सगळं आपल्याकडे आहे, मग नाकानं काय बिघडणार आहे, असं त्या स्वतःला समजावत होत्या.

दार उघडलं. अनंतराव दंडावर कापूस दाबत, तोंडभर हसत त्यांच्याकडे येऊ लागले. ज्योत्स्नाबाई उठल्या, दोन पावलं पुढं झाल्या, आणि त्यांना हुंदका फुटला. त्यांना तो आवरेना.

"अगं वेडी का तू? बरा होऊन राहिलो मी. रडते कशाला?" अनंतरावांनी त्यांना जवळ घेतलं.

हा आनंद आहे, ज्योत्स्नाबाईंनी स्वतःला सांगितलं. सुटकेचं रडू आहे. पण हे रडू त्यांच्या ओळखीचं होतं. वडिलांची तिरडी अंगणातून उचलली त्या दिवशी घशातून हाच आवाज निघाला होता. त्यांनी अनंतरावांचा सदरा मुठीत घट्ट धरला. नवऱ्याच्या छातीचे ठोके कानाला स्पष्ट लागत होते, हात उबदार होता, तरी रडू थांबत नव्हतं. थोड्या वेळानं ते थांबेल, सगळ्यांचंच थांबतं. मग आपण कुणाला घेऊन घरी जाऊ?