चौकटीवरच्या रेघा

खंडेनवमीच्या दुपारी सव्वादोन वाजता मुकुंदवाडीतल्या गोकुळच्या दुकानात लॅपटॉपवरचं इन्स्टॉलेशन पहिल्यांदा फसलं. आकडा बासष्ट टक्क्यांवर थांबला, आतला पंखा घरघरला आणि निळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ एवढाच : काम पूर्ण झालं नाही, केलेले बदल मागे घेतले जात आहेत.

गोकुळला त्याचं काही वाटलं नाही. जुन्या लॅपटॉपवर नवी सिस्टिम टाकताना असं होतंच. त्याला खटकत होतं ते दुसरंच. आज यंत्रांना हात लावायचा नसतो. सकाळी त्यानं स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग गन, दुरुस्तीला आलेले लॅपटॉप असं सगळं टेबलावर मांडून पुजलं होतं. प्रत्येकाला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत एकही बटण दाबायचं नाही, हा त्याच्या वडिलांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानापासूनचा रिवाज. त्याला गोकुळनं आपला एक जोडला होता. पूजा झाली की मुलीला, संस्कृतीला, दाराच्या लाकडी चौकटीला पाठ टेकवून उभं करायचं आणि डोक्याच्या उंचीवर पेन्सिलीनं रेघ मारायची. दर खंडेनवमीला एक. पहिली रेघ तिला दोन्ही हातांनी सावरून मारली होती, गुडघ्याच्या जरा वर. आज सकाळची त्याच्या छातीशी आली होती.

पूजा आटोपून तो शटर ओढणार, तोच सिल्लोडचे अप्पाराव येऊन धडकले. कापसाचे व्यापारी, जुनं गिऱ्हाईक. त्यांचाच लॅपटॉप पूजेत मांडलेला.

"उद्या जिनिंगचा मुहूर्त हाय, गोकुळ. काट्याची बिलं याच डबड्यावर निघत्यात. आजच पायजे."

"मामा, पूजा झाली की आता. उद्या सकाळी सकाळी देतो."

"अन् मी काय रात्रभर स्टँडवर झोपू? देव काय हार्ड डिस्कमधी बसलाय व्हय? पूस ते कुंकू अन् कर चालू."

गोकुळ हसला. स्पिरिटच्या बोळ्यानं त्यानं कुंकू पुसलं. अप्पाराव गुलमंडीकडं खरेदीला गेले.

पहिल्यांदा फसल्यावर गोकुळनं मागचं झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढली, तिचे दाते खोडरबरानं घासले, पेन ड्राइव्ह बदलला. लॅपटॉप सरळ करताना बोटांना ओलसर लागलं. वरच्या झाकणावर कुंकू होतं, ठसठशीत, आत्ताच लावल्यासारखं. आपणच नीट पुसलं नसेल, असं म्हणून त्यानं ते पुन्हा पुसलं.

दुसऱ्यांदाही बासष्टवरच अडकलं. तीच ओळ. केलेले बदल मागे घेतले जात आहेत.

टेबलावरचा चहाचा ग्लास भरलेला होता. वर साय धरली होती. तो चहा गोकुळनं मघाशीच संपवला होता. जीभ अजून गोडसर होती. ग्लास सरकवायला गेला तर अंगठा झोंबला. सोल्डरिंग करताना भाजलेला, कधीच बरा झालेला अंगठा. त्यावर आता टपोरा फोड होता.

गोकुळनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. ते नीट पुढं चाललं होतं. बाहेर झेंडूवाल्याची ओरड चालूच होती. स्टेशनात एक पॅसेंजर येऊन थांबली.

मग त्यानं चौकट पाहिली.

सकाळची रेघ नव्हती. खोडल्याची खूण नव्हती. तिथं कधी पेन्सिल टेकलीच नसावी, असा रंग सलग होता. त्याखालच्याही दोन रेघा नव्हत्या.

त्यानं घरी फोन लावला. बायकोनं, राजनंदिनीनं, उचलला.

"संस्कृती कुठंय?"

"ही काय, समोर खेळती. अहो, सकाळचा फ्रॉक लई ढगळ होतोय तिला. पार पायात येतोय. मापानंच आणला होता ना तुम्ही?"

"सकाळी तर बसला होता."

"बसला होता व्हय? मला नाय आठवत."

गोकुळनं फोन ठेवला. प्लग उपटला. लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढली आणि खुर्चीवर ठेवली.

पंखा थांबला नाही.

त्यानं लॅपटॉप सरळ केला. पडदा निळाच होता. बॅटरी खुर्चीवर, वायर जमिनीवर, आणि पडद्यावर तीच ओळ. झाकणावर कुंकू ओलं होतं. त्यानं चौकटीकडं पाहायचं टाळलं. मग पाहिलं.

पहिली रेघ तेवढी उरली होती.

फोन पुन्हा लावला. राजनंदिनी कुजबुजत बोलली.

"हळू बोला ना. आत्ता कुठं पाळण्यात निजवलंय."

तिच्या आवाजात काहीच वावगं नव्हतं. मागं पाळण्याची कडी करकरत होती. तो पाळणा त्यानं मागंच मेहुण्याला देऊन टाकला होता.

पडद्यावर आता एकच बटण होतं : पुन्हा सुरू करा. काम पुरं झालं, तर मागं घ्यायला काही उरणार नाही, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं बॅटरी बसवली, प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डात खोचला. कुंकू मात्र या खेपेला पुसलं नाही. बटण दाबलं.

आकडा चढला. बासष्टवर आला. थांबला.

ओळ आली नाही. आकडा पुढंही गेला नाही.

उन्हं उतरली तेव्हा अप्पाराव पिशव्या घेऊन परतले.

"आरं, अजून तितंच? बंद करून चालू कर की एकदा."

त्यांचा हात बटणाकडं गेला. गोकुळनं मनगट धरलं.

"मामा, नका. पाया पडतो तुमच्या."

अप्पारावांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पिशव्या तिथंच ठेवून ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

सहा वाजून गेले आहेत. मुकुंदवाडीतली वीज गेली आहे. गोकुळ दोन्ही तळवे लॅपटॉपवर ठेवून बसला आहे. आकडा बासष्ट. पाठीमागं इन्व्हर्टरनं बीप द्यायला सुरुवात केली आहे. चौकटीवर गुडघ्याच्या जरा वर एक रेघ अजून आहे. फोन वाजतोय, फोनच्या पडद्यावर राजनंदिनीचं नाव आहे. पण आडनाव तिच्या माहेरचं.