निकालाआधीचे तीस दिवस

माझा खाऊचा डबा मी त्याला दिला, तिथून सगळं सुरू झालं.

थायलंडमधल्या आमच्या कंपनीच्या वार्षिक सभेला निम्मे भागधारक डब्यासाठीच येतात. शंभर शेअर असले तरी डबा मिळतो, आणि आमच्या चोनबुरी शहरातल्या मावश्या एक खाऊन दुसरा पिशवीत सारतात. त्या एप्रिलमध्ये डबे संपले तेव्हा दारात एकच जण उरला होता... घामाने पाठीला चिकटलेला पांढरा शर्ट, हातात आईच्या वतीने मत द्यायचं पत्र.

"माझा घ्या," मी म्हटलं. "बटाटा भरलेले करीपफ आहेत. जरा गार झालेत."

"आणि तुम्ही?"

"मी भागधारकांना उत्तरं देते. बोलणी खाऊनच पोट भरतं माझं."

तो हसला. डोळ्यांनी आधी, मग ओठांनी. नाव आर्थित, शाळेत गणित शिकवायचा. आणि पुढच्या अर्ध्या तासात याच सभ्य माणसाने माईक हातात घेऊन विचारलं, "तुम्ही सायलेन्सर बनवता. विजेच्या गाडीला सायलेन्सर लागत नाही. मग उद्या बनवणार काय?"

अध्यक्ष म्हणाले, अभ्यास चालू आहे. मी बाहेर त्याला गाठलंच.

"माझा डबा खाऊन माझ्याच कंपनीवर उलटलात?"

"आई एकतीस वर्षं तुमच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होती," तो म्हणाला. "बोनसमध्ये मिळालेले शेअर तिने कधी विकले नाहीत. तिचं म्हातारपण आहे त्यात. मी नाही विचारणार तर कोण?" मग हळूच, "करीपफ मात्र छान होते हं."

आता यावर कसली रागावणार मी? त्याला उन्हाळ्याची सुट्टी होती. संध्याकाळी बांगसेनच्या किनाऱ्यावर आम्ही भेटू लागलो, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही.

मग एप्रिलचा मध्य आला. तिमाही निकालाआधी तीस दिवस कुठल्याही भागधारकापाशी कंपनीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. नेमका त्याच दिवसांत शेअर घसरू लागला. विजेच्या गाड्या आल्या, आता सायलेन्सरवाल्यांचं दुकान बंद, असं जो तो म्हणत होता. आणि मला माहीत होतं... विजेच्या गाडीत बॅटरीखाली बसणारे ट्रे बनवायचं मोठं काम आम्हाला मिळत होतं. सही निकालाच्या दिवशी व्हायची होती. तोवर ही गोष्ट कंपनीतल्या आम्हा आठजणांतच.

"वारिन," त्या संध्याकाळी आर्थित म्हणाला, "भाव निम्म्यावर आलाय. आई उद्या विकायचं म्हणतेय. विकू दे की नको?"

मी लाटांकडे बघत राहिले.

"तोंडाने नको सांगूस. नुसती मान हलव..."

किती सोपं होतं ते. पण तो गुन्हा होता. शिवाय आज याला सांगितलं, तर उद्या आणखी कुणाला सांगणार नाही कशावरून?

"उसाचा रस घेतोस?" मी विचारलं.

तो चपला हातात घेऊन निघून गेला. मी दोन ग्लास रस घेतला आणि एकही प्यायले नाही.

अकरा दिवस फोन नाही. मालै मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, मी पाहिलंसुद्धा नव्हतं. पण त्यांनी शेअर विकले असतील या भीतीने मी दर तासाला भाव बघत होते.

निकालाच्या दिवशी सही झाली, दुपारी बातमी जाहीर झाली आणि भाव उसळला. मी जिन्यात जाऊन फोन लावला.

"विकले?"

"नाही."

मी पायरीवर टेकले.

"मी विकच म्हणत होतो," तो म्हणाला. "आईला सगळं सांगितलं, तुझ्या उसाच्या रसासकट. तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, त्या पोरीची नोकरी घालवायला निघाला होतास? आवडत्या माणसालाही जी आतलं सांगत नाही, तिच्या कंपनीत राहू देत माझे पैसे."

"आवडत्या माणसाला? असं कुणी सांगितलं त्यांना?"

"मी... अंदाजाने." तो पुढे म्हणाला, "चुकलंच माझं, वारिन. तसं विचारायला नको होतं. आणि ऐक, मीही शंभर शेअर घेतले होते, तुला फोन करायला निमित्त हवं म्हणून. ते मात्र गेल्या आठवड्यात विकले."

"अरे, आजच तर भाव चढलाय. का विकलेस?"

"भागधारकापुढे तू तोंड उघडत नाहीस. म्हटलं, साधा माणूस होऊन बघू."

मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. "मग विचार की, साध्या माणसा."



"मी तुला आवडतो का?"

हे सांगायला मला कुणाच्या सहीची वाट बघायची नव्हती.

"हो," मी म्हणाले. "खूप."