ऊठ म्हणेपर्यंत

तारे बघायला दोन माणसं लागतात. एक बघतो, दुसरा नुसता बसतो. बसणारा देवळाच्या गच्चीवर, पूर्व कडेच्या दगडावर, माझ्याकडे तोंड करून मांडी घालतो. मी समोरून, चिरलेल्या काठीच्या फटीतून बघतो आणि सांगतो: अमुक तारा डाव्या कानावर, तमुक उजव्या खांद्यावर. त्यावरून प्रहर ठरतो. बसणाऱ्यानं हलायचं नाही. मी ‘ऊठ’ म्हटल्यावरच उठायचं. नाईलमधल्या आमच्या आबू बेटावर आजोबांच्या आधीपासून असंच चालत आलंय.

माझ्यासमोर नऊ वर्षं नेहेरी बसायचा. मुख्य पुजाऱ्यांचा जावई. ओळंब्याची दोरी दागिन्यासारखी गळ्यात घालायचा. माझी बायको हेनुत म्हणायची, “तुमचा तो माणूस जिन्यात वाट अडवतो हो.” मी म्हणायचो, “जिना अरुंद आहे.”

आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा म्हणजे सोपदेत. आम्ही तिला बाई मानतो. वर्षातून एकदा ती सत्तर दिवस दिसेनाशी होते. मग एका पहाटे सूर्याच्या थोडी आधी उगवते, नदीला पूर येतो, नवं वर्ष लागतं. मेलेल्या माणसालाही आम्ही पुरण्याआधी सत्तर दिवस खारवतो. ती जशी परतते, तसं त्यानं परतावं म्हणून.

सोपदेत शेवटची दिसली त्या संध्याकाळी हेनुत माझी भाकरी आणि कांदा घेऊन गच्चीवर गेली. मी खाली हौदावर पाय धूत होतो. वर नेहेरी एकटाच होता. पोतं पडल्यासारखा आवाज झाला.

“वहिनींचा पाय घसरला,” नेहेरी म्हणाला. “मी धरायला गेलो, पण नाही जमलं.”

चौथ्या दिवशी खारवणारा उसेर माझ्याकडे आला. त्याच्या हाताला वास असतो म्हणून तो कुणाच्या घरात शिरत नाही. दारातूनच बोलला.

“तिची मूठ उघडेना. बोटं मोडावी लागली. माफ कर.”

त्यानं वीतभर दोरी माझ्या हातावर ठेवली. ओळंब्याची. तुटलेली.

मी ती मुख्य पुजाऱ्यांना दाखवली. “धरायला गेला तेव्हा तुटली असेल,” ते म्हणाले. “दुःखात माणूस काहीही जोडतो. जा, तुझं काम बघ.”

आमच्यात मेलेल्यांना पत्र लिहितात, वाडग्याच्या आतल्या बाजूनं. जेवताना त्यांना वाचता यावं म्हणून. मी लिहिलं, ‘हेनुत, मी तुला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. फक्त एकदा तुझं ऐकलं नाही. आता तू माझं ऐक. त्यानं ढकललं असेल तर त्याला सोडू नकोस.’ त्यात भाकरी ठेवली आणि वाडगा उसेरच्या खारवायच्या मांडवाबाहेर ठेवून आलो.

सकाळी भाकरी तशीच होती. अक्षरं नव्हती.

बासष्टाव्या दिवशी गच्चीवर खाराचा वास आला.

“उसेर आला होता की काय वर?” नेहेरी नाक मुरडत म्हणाला. “का तुझ्याच कपड्यांना येतोय? जात जाऊ नकोस रे रोज त्या मांडवाकडे.”

पासष्टाव्या दिवशी जिन्यावर पांढरी पावलं होती. लहान, अनवाणी. ती वर आली होती, नेहेरीच्या दगडामागे गेली होती. परत फिरलेली नव्हती.

“पीठ कुणी सांडलं?” नेहेरीनं विचारलं आणि पायानं पुसून टाकलं.

सदुसष्टाव्या पहाटे मला त्याच्या डाव्या कानाजवळ एक ठिणगी दिसली. तिथं त्या वेळी कुठलाच तारा नसतो. सोपदेतला अजून तीन दिवस होते.

“दिसलं का काही?”

“नाही,” मी म्हणालो. कामात मी पहिल्यांदाच खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी ती खांद्यावर होती. उगवता तारा रोज थोडा वर दिसतो. ही खाली येत होती.

“मानेवर कुणीतरी फुंकतंय,” नेहेरी ओठ न हलवता म्हणाला.

“वारा असेल.”

“वारा कुठाय आज?”

एकोणसत्तराव्या दिवशी तो येऊन बसला तेव्हा त्यानं गळ्यात दोरी घातली नव्हती. ठिणगी गळ्याशी होती.

सत्तरावा दिवस. खाली घाटावर सगळं गाव घागरी घेऊन उभं होतं. पूर्व नुकती राखाडी झाली होती. मी काठी डोळ्याला लावली.

ठिणगी छातीवर होती.

माणसाच्या अंगामागचा तारा दिसत नाही. हा दिसत होता. अंगामागे नव्हताच तो.

“सेनबी,” नेहेरी पुटपुटला, “ऊठ म्हण.”

मी काठी तशीच धरून ठेवली.

“दादा, पाया पडतो. पाठीला हात टेकलेत कुणाचे तरी. दोन्ही हात. ऊठ म्हण रे.”

खाराचा वास घशात बसत होता.

“मी नुसतं दंडाला धरलं होतं तिला. ती मागं सरली. सरतच गेली.”

त्याला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तरी तो उठत नव्हता.

मी ‘ऊठ’ म्हटलं नाही.

खालून आरोळी उठली. सोपदेत डोंगरावर आली होती, अगदी तिच्या जागी. मी पुन्हा नेहेरीकडे पाहिलं. त्याच्या छातीत आता अंधार होता.

डोळे उघडेच होते.

वैद्य म्हणाला, हृदय थांबलं. त्याच दुपारी मी हेनुतला पुरलं. वाडगा तिच्या उशाशी ठेवला.

आता माझ्यासमोर म्हातारा इबी बसतो. फार बडबड्या. “जागा झकास आहे हं, सेनबी,” तो परवा म्हणाला. “पहाटे सगळी गच्ची गारठलेली, आणि हा दगड तेवढा उबदार. कुणीतरी बसलेलं असल्यासारखा.”

काम संपलं की मी त्याला उठायला सांगतो. आधी त्याचं नाव घेतो, मग सांगतो. नुसतं ‘ऊठ’ मी त्या गच्चीवर कधीच म्हणत नाही.