दुसऱ्या वळणावरचा आवाज

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांची आहे. खोटी वाटली तर खुशाल हसा, पण मामांसमोर हसू नका. आधीच त्यांचं डोकं तापलेलं असतं.

मंगळवारची सकाळ होती. जागा, विमानं दुरुस्त करायची शेड. मामा तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक.

एकाच विमानाची आठ दिवसांत ही तिसरी तक्रार. डोंगरातल्या विमानतळावर उतरताना, दुसऱ्या वळणाला, कॉकपिटमध्ये आवाज येतो...

"वर घे!"

आता जमीन जवळ आली की धोक्याचं यंत्र ओरडणारच. पण त्या वळणावर ते उगाचच बोंबलायचं. म्हणून वैतागलेले कॅप्टन तिथे त्याचं बटणच बंद करून टाकायचे. सगळ्यांनाच ती खोड लागली होती.

तक्रार होती ती... बटण बंद केल्यावर येणाऱ्या आवाजाची.

आणि आवाज पुरुषाचा.

"अहो, यंत्रात बाईचा आवाज असतो!" मामा कडाडले.

त्यांनी यंत्र बदललं. वायरी बदलल्या. स्पीकर बदलला. सगळं ठणठणीत!

"मग लिहा, दोष आढळला नाही," साहेब म्हणाले.

"तीन-तीन कॅप्टनना एकच भास झाला होय? विमान उभं ठेवा."

"आणि कारण काय लिहू? भूत?"

मामांचा जीव टांगणीला लागला. गुरुवारी त्याच विमानात त्यांची लेक होती. नवी को-पायलट.

विमान उडायला ठीक आहे, या कागदावर मामांनी सही केली नाही. दुसऱ्याने केली.

गुरुवारी दुपारी डोंगरावर ढग उतरले. मामा पुन्हा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. तासभर. पालथ्या घड्यावर पाणी!

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा.

"बाबा... ढगात वळण चुकलं. कॅप्टननी बटण बंद केलं होतं. तरी आवाज आला... मी विमान वर खेचलं. झाडं अगदी पोटाखाली होती, बाबा!"

मामांनी एकच विचारलं.

"काय म्हणाला आवाज?"



"'चिमे, वर घे.'"

चिमी हे तिचं घरातलं नाव. बाहेर कोणालाच माहीत नाही.

"तुमचा आवाज होता, बाबा. पण खूप म्हातारा... आणि तुम्ही रडत होतात."

त्या वेळी मामा साहेबांसमोर होते. चार जण साक्षीला आहेत.

विमान अजून उडतं. चिमीही उडते, बापाचं ऐकेल तर शपथ! रोज तिचा फोन येईपर्यंत मामा घरभर चिडचिड करत फिरतात.

परवा मलाच धरलं त्यांनी.

"वाचली ना रे ती? मग तो म्हातारा रडत का होता?"