ज्या दिवशी पास चालत नाही

एफ्राइनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हाताला दुसरीच मुलगी लटकलेली होती.

मी मनोरंजन पार्कच्या मुख्य फाटकावर तिकिटं तपासायचे. ऑर्लँडोचं ऊन, डोक्यावर पार्कची ती भयंकर हिरवी टोपी, आणि तोंडात दिवसभर एकच वाक्य, "या, मजा करा." तो त्या दिवशी सुट्टीवर होता. त्याने खिशातून कामगाराचं ओळखपत्र काढून माझ्यासमोर धरलं. आम्हा कामगारांना वर्षाला काही पास मिळतात, सोबतच्या माणसाला फुकट आत न्यायचे. अट एवढीच, की आपण स्वतः फाटकापर्यंत त्याच्याबरोबर यायचं. मी त्याचं ओळखपत्र मशीनला लावलं, तिचा पास लावला, फाटक उघडलं. ती मुलगी आत गेली आणि... त्याचा हात सोडून, फोन उंच धरून, थेट कारंज्याकडे पळाली.

तो तिथेच उभा राहिला. मग माझ्याकडे वळला.

"पाहिलंस?"

"मी तिकिटं बघते. हात नाही बघत."

"म्हणजे पाहिलंस," तो म्हणाला आणि हसला. डाव्या गालाला एवढीशी खळी पडली. मी पुढच्या माणसाचं तिकीट उलटं धरून मशीनला लावत बसले, आणि मागची अख्खी रांग माझ्या नावाने खडे फोडायला लागली.

तो आतल्या मोठ्या रोलर कोस्टर राइडवर कामाला होता. राइडचं खरं नाव लांबलचक आहे, आम्ही सगळे तिला 'मगर' म्हणतो. तिथे दोन रांगा. तिकिटावर जादा पैसे भरले त्यांची जलद रांग, आणि नुसतं तिकीट काढलं त्यांची साधी. दोन्ही रांगा जिथे एकमेकींना मिळतात तिथे एफ्राइन उभा असायचा. जलदवाल्यांचा भलामोठा घोळका सोडायचा, मग साध्यातले चार जण, मग पुन्हा घोळका. कुणाला कुठल्या ओळीत बसवायचं तेही तोच ठरवायचा. साध्या रांगेतले लोक ताटकळून ताटकळून शेवटी राग काढायचे तो त्याच्यावर. आणि तिकिटाचा दर वाढला की बाहेर फाटकावर राग निघायचा तो माझ्यावर. जणू काही आदल्या रात्री मीच बसून दर ठरवला होता.

त्यावरूनच आमची दोस्ती झाली. जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाकड्यावर बसायचो, आणि ज्याला दिवसातली सगळ्यात जबरी शिवी मिळाली असेल त्याला केसितोचा मोठा तुकडा. त्याची आई ते गोड चीजचे रोल घरी करायची, अगदी आम्ही दोघं मूळचे ज्या बेटावरचे, तिथल्या पोन्सेच्या बेकरीतल्यासारखे.

"मला एका आजोबांनी दरोडेखोर म्हटलं आज," मी सांगायचे.

"बस? मला एका बाईने विचारलं, तुझ्या आईला ठाऊक आहे का तू पोटासाठी काय करतोस ते."

"घे बाबा. मोठा तुकडा तुझा."

तो मोठा तुकडा घ्यायचा, आणि मग न बोलता त्यातला अर्धा मला द्यायचा. मी इकडेतिकडे बघत खायचे. त्या अर्ध्या तुकड्याची मी सकाळपासून वाट बघत असायचे, हे त्याला सांगणार कोण?

इथवर सगळं गोड. पण एक गोष्ट होती. पार्कचा दर वाढला की एफ्राइनच्या मैत्रिणी वाढायच्या.

खोटं नाही सांगत. वसंतात दर वाढला, लाल केसांची आली. शाळांच्या सुट्ट्यांत वाढला, पाठोपाठ दोघी आल्या. एक तर धाकट्या भावालाही घेऊन आली, आणि एफ्राइनने त्याच्यासाठीही पास खर्च केला. आणि या सगळ्या आत येणार कुठून? माझ्याच फाटकातून. मी स्वतःच्या हाताने त्यांचे पास मशीनला लावायचे आणि वर म्हणायचे, "या, मजा करा." माझा नुसता तिळपापड व्हायचा. त्या लाल केसांच्या मुलीला मी पिशव्या तपासायच्या लांबलचक रांगेत पाठवलं होतं. शेजारची रांग रिकामी होती. मला जराही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"कुठे गेली तुझी ती?" मी नंतर विचारायचे, अगदी सहज, बाटलीचं झाकण फिरवत.

"गेली. पार्क बघून झालं तिचं." तो खांदे उडवायचा. एकदा मात्र हसला नाही. बाकड्यावर मागे रेलून म्हणाला, "मला कोणी मागत नाही गं, यारित्झा. पासला मागतात. आता ठरवलंय. जिला पास नको असेल ना, तिच्याशीच जमवायचं."

"आहे का अशी कोणी?" माझे कान तापले होते.

"तू आहेस एक. पण तुझा काय भरवसा? तू तर रोजच फुकट आत येतेस."

तो थट्टेत बोलला. मी पण हसले. आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून पडले. आता या माणसाला सांगायचं तरी कसं? फुकट आत येते म्हणून भरवसा नाही, आणि उद्या नोकरी सोडून बाहेरची झाले तर, पाससाठी आली म्हणून भरवसा नाही!

आणि नोकरी सुटायची वेळ आलीच. एक्स-रेचा कोर्स मी कधीचा पुरा केला होता. जवळच्या किसिमीच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. मामीने, म्हणजे माझ्या आईने, आनंदाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मी ठरवलं, पार्कमधल्या शेवटच्या दिवशी सांगून टाकायचं. ओळखपत्र गळ्यात आहे तोवर. निदान पाससाठी म्हणते असं तरी तो म्हणणार नाही.

शेवटच्या दिवशी तो आला. सोबत डेलेनी.

उंच, पायात साधे कॅनव्हासचे बूट, नाकावर ठिपके ठिपके. मी पास लावला आणि वाट बघत बसले, आता सोडेल हात, आता सोडेल... तिने सोडला नाही. उलट मागे वळून माझ्याशी बोलायला आली.

"तूच यारित्झा ना? हा सारखा तुझ्याबद्दल बोलत असतो."

"हो का," मी म्हटलं. मुलगी दिसायलाही छान आणि वर बोलायलाही गोड असली, की राग काढायचा तरी कशावर?

एफ्राइन म्हणाला, "उद्यापासून तू बाहेरची. पास लागला तर सांग हं. तुझ्यासाठी एक ठेवीन बाजूला."

माझं डोकं फिरलं. त्याने मला त्या सगळ्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं, तेही तिच्यासमोर.

"तुझे पास तुझ्या मैत्रिणींना पुरव," मी म्हटलं. "मला यायचं झालं ना, तर तिकीट काढून येईन."

त्याचं तोंड उतरलं. काहीतरी म्हणणार होता तो, पण मागून एक बाई ओरडली, "इथे आमचा दिवस वाया चाललाय," आणि मी पुढचं तिकीट हातात घेतलं. जे सांगायचं होतं ते माझ्याबरोबरच दवाखान्यात आलं.

दवाखान्यात लोकांची हाडं बघताना मी बरी असायचे. रविवारी मात्र फाटकावरच्या मिस ओडेटचा फोन यायचा. हैतीची ही बाई त्या फाटकावर इतकी वर्षं आहे, की तिच्यासमोर कुणाचं काही लपत नाही.

"ती ठिपकेवाली आली होती काल."

"मला काय त्याचं?" मी म्हणायचे. आणि थोडं थांबून, "दोघंच होते का? काय घातलं होतं?"

"पोरी, तू जळून कोळसा होशील एक दिवस."

जूनच्या शेवटी तिने फोन केला. "चार जुलैला ये ना इकडे, मी माझ्या पासवर घेते तुला. अरे नाही, विसरलेच. त्या दिवशी कुणाचेच पास चालत नाहीत. स्वातंत्र्यदिनाची गर्दी, वरून हुकूम आहे. आणि तिकिटाचा दर विचारूच नकोस, उन्हाळ्यातला सगळ्यात महाग दिवस."

मी फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. त्या दिवशी कुणाचेच पास चालत नाहीत. त्या दिवशी एफ्राइनकडे काही मागायला कोणी येणार नाही... कारण त्याच्याकडे द्यायला काही नसेल.

मामी म्हणाली, "वेड लागलंय का तुला? एवढ्या पैशात विमानाने बेटावर जाऊन येशील."

"बेटावर तो नाहीये, मामी."

मामीने फक्त छत्री आणून दिली, आणि मी ती दारातच विसरले.

फाटकावर मिस ओडेटने माझं तिकीट बघितलं, मग मला बघितलं. "रोज फुकट यायचीस तेव्हा तोंड शिवलेलं होतं. आणि आज एवढे पैसे ओतून आलीस?"

"जाऊ दे ना आत."

"या, मजा करा," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

मगरीच्या साध्या रांगेच्या तोंडाशी पाटी होती, दोन तास. मी उभी राहिले. ती रांग कठड्यांमधून नागमोडी वळणं घेत पुढे सरकते. त्याच त्या घामेजलेल्या माणसांची तोंडं परत परत समोर येतात. एका वळणावरून एफ्राइन दिसायचा, पुढच्या वळणावर दिसेनासा व्हायचा. दिसला की छातीत धडधड. दिसला नाही की नुसता उकाडा. केस कापले होते त्याने. कुणाच्या सांगण्यावरून कापले?

आणि मग जलद रांगेतून डेलेनी आली.

एकटी. मनगटाला जलद रांगेचा पिवळा पट्टा. म्हणजे तिनेही आजचं तिकीट काढलं होतं, आणि वर जादा पैसेही भरले होते. माझ्या शेजारून, कठड्याच्या पलीकडून, ती सुळकन पुढे निघून गेली. तिने मला ओळखलंही नाही. मी इतके महिने हिच्यावर जळतेय, आणि हिच्या लेखी मी कठड्यापलीकडची एक घामट मुलगी! मनात आलं, कठड्याखालून घुसावं. पण माझ्यापुढे आठ मुलांचं एक कुटुंब होतं.

ती त्याच्यासमोर थांबली. काहीतरी बोलली. तो खाली बघून हळूच काहीतरी म्हणाला. ती हसली, त्याच्या दंडाला हात लावला. आणि त्याने तिला पहिल्या ओळीत बसवलं. पहिल्या ओळीत! त्या जागेसाठी लोक हातापाया पडतात, वाढदिवस आहे म्हणून खोटं सांगतात. मगर वर चढली, किंकाळ्या फोडत खाली गेली, आणि मला ऊन असून हुडहुडी भरली. झालं. ती पैसे भरून पुढे आली आणि तिने त्याला गाठलं. मी अजून तिसऱ्या वळणावर.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. लांब कुठेतरी वीज चमकली, आणि आमच्याकडे वीज चमकली की सगळं बंद. भोंग्यावरून आवाज आला, कृपया बाहेर पडा. लोक वैतागले, शिव्या देत निघाले. आठ मुलं रडत गेली. धो धो पाऊस सुरू झाला. मी रांगेवरच्या पत्र्याखाली कठडा धरून तशीच उभी राहिले.

"चला, बाहेर चला..." म्हणत एफ्राइन कठड्यांमधून आला आणि थबकला. "तू?"

"मी."

"मिस ओडेटने घेतलं का आत?" आणि लगेच स्वतःच म्हणाला, "पण आज तर पास..."

"चालत नाहीत."

मी तिकीट पुढे धरलं. घामाने ओलं झालं होतं. त्याने तारीख वाचली. दर वाचला. मग पुन्हा तारीख वाचली.

"आजचं? अगं बये, मंगळवारी आली असतीस तर निम्म्यात..."

"मंगळवारी पास चालतो, एफ्राइन."

पत्र्यावर पाऊस इतका जोरात वाजत होता की मला मोठ्यानेच बोलावं लागलं.

"मला मगरीत बसायचं नाहीये. मला झोपाळ्यावरसुद्धा मळमळतं, तुला माहीत आहे. मला तू आवडतोस. तुझा पास नको, काही नको. हे त्या दिवशीच सांगणार होते, पण तू तिला घेऊन आलास. आणि आज मी या रांगेत कधीची उभी, आणि ती पुढून येते काय, तू तिला पहिली ओळ देतोस काय..." माझा आवाज फाटला. "का दिलीस तिला पहिली ओळ?"

एफ्राइन कठड्याला टेकला. शर्टाची बाही पिळत राहिला.

"तिने विचारलं, आपलं पुढे काय. मी म्हणालो, नाही जमणार. एवढे पैसे भरून विचारायला आली होती ती. दुसरं काय देणार होतो गं मी तिला? पहिली ओळ दिली."

माझा सगळा जळफळाट हातात तसाच राहिला, कुठे ठेवावा ते कळेना.

"नाही का म्हणालास? चांगली आहे ती."

"चांगलीच आहे. पण तिच्याबरोबर असलो की मी तुझंच काहीतरी सांगत बसायचो. यारित्झा असं म्हणाली, यारित्झाला आज कोण काय बोललं... ते आधी तिला कळलं, मग मला. तुला फोन करायचं म्हणत होतो. पण तू म्हणालीस, तिकीट काढून येईन. मला वाटलं, म्हणजे कधीच नाही येणार."

"आले ना."

"आलीस," तो म्हणाला, आणि ती खळी पडली. त्याचा हात कठड्यावरून सरकत सरकत आला आणि माझ्या हातावर थांबला. गार होता, पावसाने ओला.

त्याच्या कमरेचा वॉकी-टॉकी खरखरला. "एफ्राइन, साधी रांग रिकामी झाली का?"

त्याने बटण दाबलं. "झाली. एकच मुलगी राहिलीय."

"मग तिलाही बाहेर काढ ना."

एफ्राइनने माझ्याकडे बघितलं. हात सोडला नाही.

"ती माझ्याबरोबर आहे," तो म्हणाला.