भुऱ्याची जागल

"दार लोटून घ्या वं पोरींनो, वारा येऊन राहिला," यादोबाबा म्हणाले आणि शेकोटीत एक काडी सारली. "कवडू माहा मावसभाऊ. त्यानं मले सांगितलं, तसंच सांगतो."

एकोणऐंशी सालची पौष अमावास्या होती. बपेऱ्याकडच्या एका खेड्यात राहणारा कवडू जेवून उठला आणि खळ्यावर विसरलेलं सुपडं आणायला निघाला. धानाची रास संध्याकाळीच बंडीत भरून घरी आली होती. कापणीपासून त्याला धड झोप नव्हती. कंदील उचलतानाही हात दुखत होता.

दारात बायको, धुरपता, आडवी आली.

"जागल सुटली म्हनलं का तुमी?"

"कोनाले म्हनू? भुऱ्या तर गेला."

त्यांच्याकडे एक रीत होती. रास घरी हलवण्याआधी, जो खळ्यावर रात्री जागला असेल, माणूस असो की कुत्रा, त्याला भाताचा गोळा द्यायचा आणि म्हणायचं, "जागल सुटली, घरी चाल." तोवर त्यानं खळं सोडायचं नाही. त्यांचा कुत्रा भुऱ्या आठ वर्षं हे ऐकत आला होता. ऐकलं की बंडीच्या पुढे धावत घर गाठायचा आणि कवडूच्या खाटेखाली शिरायचा.

यंदा धानाचे पुंजणे, कापलेल्या पेंढ्यांचे ढीग, राखताना रानडुकरानं त्याला फाडलं. कवडूनं त्याला खळ्याच्या कडेला पुरलं आणि उजाडल्यावर मळणीला बैल जुंपले. रडायलाही सवड मिळाली नाही.

"दिवेलागणीपासून तिकडं कोनी भुकून राहिलं," धुरपता म्हणाली.

"गावात कुत्रे काय कमी हायेत?"

"आवाज ओळखीचा हाय."

तिनं पळसाच्या पानात भाताचा गोळा बांधून दिला. कवडूनं वाद घातला नाही. वाद घालायचंही त्राण नव्हतं.

बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर पोचेपर्यंत भुंकणं ऐकू येत होतं. खळ्यात पाय टाकला आणि ते थांबलं.

खळं रिकामं. राशीभोवती ओढलेली राखेची रेघ तेवढी उरलेली. त्या रेघेच्या आत काहीच नव्हतं. तरी तिथूनच एक बारीक कुंई आली. मालकानं हाक मारावी म्हणून भुऱ्या करायचा, तशी.

कवडू उकिडवा बसला.

"थंडीत बसून राहिला का रे तू? मी चुकलो, बाबू."

त्यानं पान सोडून गोळा रेघेजवळ ठेवला.

"जागल सुटली. धान घरी गेलं. चाल…"

कुंई थांबली.

त्यानं सुपडं काखेत मारलं आणि वळला. पाळीवर वाळलेला पाला होता. मागं पाला वाजला. तो थांबला. आवाज थांबला. तो चालला…

मागं पाहायचं नाही. एवढंच ठरवलं होतं.

पोटरीला काहीतरी लागलं. ओलं. गार. मग आवाज मागून पुढे गेला. कंदिलाच्या उजेडात पाला हलताना दिसला. वारा नव्हता.

घरासमोर आला तेव्हा धुरपता उंबऱ्यात उभी होती. कवडू अजून अंगणाच्या काठीच होता. ती एकाएकी बाजूला सरली. कुणाला तरी वाट द्यावी, तशी.

"तुमच्याआंधी कोन गेलं आत?" तिनं हळूच विचारलं.

कवडूनं सुपडं भिंतीला टेकवलं. दार लावून घेतलं. खाटेवर पडला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

यादोबाबा थांबले. शेकोटीत राखेखाली थोडा निखारा उरला होता.

"मंग बाबा?"

सकाळी धुरपता झाडू घेऊन आली. आदल्या दिवशीच तिनं घर सारवलं होतं. खाटेखाली खळ्यावरच्या तणसाच्या काड्या पडल्या होत्या. मधोमध दबलेल्या, गोल.

कवडूनं वाकून हात लावला.

काड्या गरम होत्या.