हाकेआधीची ओ

बस सायली, चहा टाकलाय. त्या कॉम्प्युटरवरची चादर मात्र काढू नकोस हं. का ते सांगते, पण हळू बोलू. तुझे मामा आत झोपलेत.

गेल्या वर्षीची, अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी नगरला गेले होते, कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, आणायला. अगं, तुझ्या आजीनं अख्ख्या केडगावात सांगितलं, सुनेनं ड्रायव्हर ठेवला, आता टेम्पो घेणार म्हणून!

ह्यांच्या गायन पार्टीची कॅसेट धम्मचक्र दिनाला निघायची होती. गिटार हे वाजवणार, कॉम्प्युटरवर भरून मी घेणार. क्लास मी केला होता ना. अडचण एकच, तार छेडली की हेडफोनात सूर जरा उशिरानं यायचा. गिटारचा आवाज वायरनं कार्डात जातो. तिथून ड्रायव्हर तो उचलून रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला देतो आणि परत कानाकडं आणतो. पण हा गडी घागर भरल्याशिवाय नळावरून हलत नाही. नव्या ड्रायव्हरात घागर लहान करता यायची. खेपा वाढतात, पण पाणी लवकर पोचतं.

तुझी पहिली मामी, पुष्पावती, तुला आठवतेच. ह्यांच्याच पार्टीत गायची. लग्नाआधीपासूनची जोडी, त्यामुळं चारचौघांत ह्यांना नावानं हाक मारायची. मी आजही 'अहो'च्या पुढं गेले नाही. मेलेल्या बाईचा काय हेवा करायचा, म्हणतात. मी केला बाई, पोटभर केला!

त्या दुपारी खिडकीला गोधडी लावली, पंखा बंद केला. खोलीत मिट्ट अंधार, नुसता पडद्याचा उजेड. हे वाजवायला लागले. मध्येच थांबले, मग पुन्हा सुरू.

"चुकलं का?"

"न्हाई. इथं पुष्पा गायची."

"मग मी गाते की."

"तू?" म्हणाले, आणि हसले. अंगाची लाही लाही झाली माझ्या.

भरलेलं लावून ऐकलं. ह्यांचा हात थांबला त्या जागी कुणीतरी श्वास घेतला. गाण्याआधी घेतात तसा, लांब… माइक तर टेबलावर पडलेला, वायर काढून. मी प्रोग्रामात फक्त गिटारची वाट उघडी ठेवली, बाकी सगळ्या बंद केल्या. पुन्हा भरलं. श्वास आणखी जवळ आला. खोलीत ज्येष्ठमधाचा वास सुटला. गायला बसायच्या आधी ती तेच चघळायची. आमच्या घरात त्याची काडीसुद्धा उरली नव्हती.

घाबरले, खोटं कशाला सांगू? पण ह्यांच्याकडं पाहिलं आणि भीतीच मेली. असा चेहरा माझ्यासाठी कधी झाला नव्हता गं.

"परत लाव…"

मी माइक जोडला. म्हटलं, ही जागा आता माझी. भरलेली गिटार लावली आणि त्या मोकळ्या जागेत मोठ्यानं गायले. माझा आवाज हेडफोनात उशिरा आला, सगळ्यांचा येतो तसाच. पण त्याच ओळी कुणीतरी माझ्या आधी गात होतं… मी गप्प झाले. तिनं ओळ पुरी केली.

तिरीमिरीत मी ड्रायव्हरच काढून टाकला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. साउंड कार्डापुढं पिवळं चिन्ह आलं, म्हणजे मशीन मुकं. तरी हे हेडफोन लावून मान डोलवतायत! मी एक बाजू माझ्या कानाला लावली. काही नव्हतं.

"अहो, यात काही वाजत नाही…"

"हळू… ती श्वास घेतीय."

मी वायर उपटली. 'अहो' म्हणून ओरडायला तोंड उघडणार, त्याआधीच खोलीत कुणीतरी म्हणालं, "प्रवीण…"

"आलो गं," हे म्हणाले. वळले आणि माझ्याकडं पाहिलं. किती मायेनं! माझ्या तोंडात ज्येष्ठमधाची गोडी होती.

तेव्हापासून लई जपतात मला. गल्लीतल्या बायका माझाच हेवा करतात, म्हणतात नशीब काढलंस.

चहा उकळला बघ. हा घे तुझा कप. थांब, ह्यांना हाक मारते…

"आलो गं!"

सायली, कप खाली ठेव, हात भाजेल. आवाज ह्यांचाच आहे. पण मी अजून हाक मारलीच नाही.